गाळणीवर राहिलेलं

ज्या विषाणूच्या धास्तीने एके काळी अख्खं जग दारं लावून घरात बसलं होतं, त्याच्याच भाऊबंदांना शोधायला पुढे सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात पेढ्या काढल्या. आजच्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या लेखी विषाणूपेढी म्हणजे रक्तपेढीची धाकटी बहीण. पण सारिका झारेकरीने दोन्ही काळ पाहिले होते. बी.एस्सी.ला असताना तिने तोंडाला फडकं बांधून मोबाइलवर परीक्षा दिली होती, आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती कोल्हापूरच्या विषाणूपेढीत वरिष्ठ तंत्रज्ञ होती. पदाचं नाव भारदस्त असलं तरी काम एकच होतं, गटारीचं पाणी गाळणं.

ही वेळ आली ती आपल्याच कर्माने. आपण पन्नास वर्षं सर्दीपडशालासुद्धा प्रतिजैविकं खात राहिलो आणि जिवाणू ती पचवायला शिकले. औषधं एकेक करून बोथट झाली. साधी जखम चिघळून धडधाकट माणसं दगावू लागली, तेव्हा डॉक्टरांना जिवाणूंच्या एका जुन्या वैऱ्याची आठवण झाली. विषाणू जसे माणसाला गाठतात तसे जिवाणूंनाही गाठतात. हे भक्षक विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. आपल्या ठरलेल्या जिवाणूत शिरतात, आत पिल्लावळ वाढवतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. अडचण एवढीच, की प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. एका रोग्याचा जिवाणू मारणारा दुसऱ्या रोग्याच्या कामी येईलच असं नाही. म्हणून भरपूर नमुने जमवायचे आणि जुळणी करत बसायचं. हे भक्षक सगळ्यात जास्त कुठे सापडतात, तर गटारीत.

आता मापाचं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, असं म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि त्याला काही कळलेलं नसतं. म्हणून पेढीच्या पहिल्या प्रमुख डॉ. नलिनी पोतनीस नव्या मुलांना सांगायच्या, "एका नॅनोमीटरला एक मिलिमीटर समजा आणि मग जग बघा." तसं बघितलं की डोक्याचा एक केस ऐंशी मीटर रुंद होतो, म्हणजे चांगली नदीच. रक्तातली तांबडी पेशी ट्रकएवढी, जिवाणू माणसाएवढा, करोनाचा विषाणू मोसंबीएवढा आणि पोलिओचा बोराएवढा. जिवाणू खाणाऱ्या नेहमीच्या विषाणूचं डोकं लिंबाएवढं आणि त्याखाली वीतभर दोरीसारखी शेपूट. आता बावीस सेंटीमीटरची भोकं असलेली गाळणी घेतली, तर लिंबं आणि मोसंबी खाली पडतील, माणसं वर अडकतील. पेढीचा सगळा कारभार या एका भोकावर उभा होता. खरं माप दोनशे वीस नॅनोमीटर, म्हणून सगळे त्या गाळणीला नुसतं 'दोनशेवीस' म्हणत.

दोनशेवीसचा नियम पोतनीस मॅडमनी घालून दिला होता आणि त्याला कारण घडलं होतं. पेढ्या सुरू झाल्या त्या वर्षी एका ठिकाणी घाईघाईत न गाळलेलं औषध टोचलं गेलं. विषाणूंबरोबर नवेच जिवाणू रक्तात गेले आणि एक तरणाताठा रोगी दोन दिवसांत गेला. तेव्हापासून दोनशेवीसमधून दोनदा गाळल्याशिवाय एक थेंबही रोग्याला द्यायचा नाही, आणि गाळणीवर जे राहील ते दोन तासांच्या आत वाफेच्या भट्टीत घालून मारून टाकायचं, हे ठरलं. पुढे कणमापक यंत्र आलं. त्याच्या अतिसूक्ष्म भोकातून एकेक कण जाताना विजेचा प्रवाह किंचित अडतो आणि तो किती अडला त्यावरून कणाचं माप कळतं. त्या यंत्रालाही वरची हद्द दोनशे वीसचीच घालून दिली. त्याहून मोठं ते सगळं घाण. या नियमाने राज्यात हजारो माणसं वाचली, हे कुणीही नाकारणार नाही. फक्त नऊ रोग्यांमागे एकाच्या कागदावर जुळणीचं यंत्र दोन शब्द छापून द्यायचं, 'जुळणी नाही'.

त्या मंगळवारी सकाळी यंत्रातून तोच कागद आला. रोग्याचं नाव होतं नलिनी पोतनीस, वय एकाहत्तर.

सारिकाने तो कागद दोनदा वाचला. मॅडमचं खुब्याचं हाड बदललं होतं, तिथे पू झाला, शिलाई उसवली, दुसऱ्यांदा कापलं, हे सगळं तिला माहीत होतं. पण मॅडमच्या बाबतीत जुळणी होणार नाही हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ज्या बाईने पेढी उभी केली तिला पेढी रिकाम्या हाताने पाठवेल, हे पटायलाच तयार नव्हतं.

आणि या बाईचे तिच्यावर उपकार होते. सारिका मुलाखतीला आली तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी तिचं आडनाव वाचून विचारलं होतं, "झारेकरी म्हणजे गटारीतून सोनं धुणारे ना?" आणि शेजारच्याकडे बघून हसले होते. सारिकाची मान खाली गेली होती. तिचे वडील गुजरीतल्या सोनारांच्या दुकानांतला केर आणि दारापुढच्या गटारीतला गाळ घरी आणायचे, धुवायचे, चाळायचे आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. आजोबाही तेच करायचे. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं होतं, "तुझे वडील सगळ्यात बारीक कण केवढा काढतात?" सारिका म्हणाली होती, "मोहरीच्या दाण्याचे वीस भाग करा, त्यातल्या एकाएवढा." मॅडमनी समितीकडे वळून सांगितलं, "मला हीच मुलगी हवी." पुढे कामात त्या तिच्यावर जेवढ्या रागावल्या तेवढी आईही कधी रागावली नसेल, पण त्या एका वाक्यासाठी सारिका त्यांची जन्मभर ऋणी राहिली.

तो कागद घेऊन ती दवाखान्यात गेली. जुळणी नाही हे फोनवर सांगायचं नाही, माणसाने समोर जाऊन सांगायचं, ही पद्धतही मॅडमचीच होती.

मॅडमचा चेहरा तापाने उतरला होता. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा न लावताच बघितला.

"दोनच शब्द आहेत म्हणजे कळलं," त्या म्हणाल्या. "किती नमुने लावले?"

"सहा हजार चारशे, मॅडम. सगळे."

"डॉक्टर म्हणतात आठ-दहा दिवस. रक्तात उतरायला लागलंय." त्यांनी कागदाची घडी घातली. "सारिका, तुझं तोंड बघून कळतंय तुझ्या डोक्यात काय आहे. काहीतरी वेडंवाकडं करून बघशील. करू नकोस. नियम माझ्यासाठी मोडलास तर उद्या दुसऱ्यासाठी कोण पाळणार?"

"नाही मॅडम," सारिका म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि वडिलांकडे गेली. दुःख झालं की माणूस माहेरी जातो, त्याला वयाचं बंधन नाही. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली होती, तरी सकाळपासून अंगणात घमेलं, चाळण आणि पाण्याची पाटी मांडून बसायचे. त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते.

"ये ये सारे. चा टाक तुझा तूच, माझं हात भरल्यात," ते म्हणाले. "आणि तोंड का असं केलंयस?"

तिने मॅडमचं सांगितलं. अण्णांचे हात थांबले. "त्या बाईनं तुला नोकरी दिली," ते म्हणाले. "देव बघंल त्येंच्याकडं." अण्णा पुन्हा चाळणीवरचं बोटांनी चिवडू लागले.

"हे कुठलं एवढं?" सारिकाने विचारलं. शेजारी केराची चार पोती होती.

अण्णा गालात हसले. "गुजरीतल्या लोकांनी मशीन आणलीया. केर आत टाकायचा, मशीन हलवती, चाळती, बारीक तेवढं खाली घेती, त्यातनं सोनं काढती. लई हुशार. आणि वर जे ऱ्हातंय ते कचरा म्हणून टाकत्यात. मी म्हटलं, मला द्या तेवढा कचरा, तुमच्या जागंचा त्रास वाचंल. दिला की!" त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर कानातल्याची एक अख्खी फिरकी होती आणि एक मणी. "आता ही फिरकी त्या चाळणीतनं कशी पडायची खाली? मशीनला बारीक सोनं दिसतंय, मोठं दिसत न्हाई. आमी आधी वरचंच बघतो. वरचं बघून झाल्याबिगर खालच्याला हात लावायचा न्हाई, आमच्यात तसंच असतंय."

सारिका चहाची गाळणी हातात धरून उभी राहिली. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी तिचं लक्ष नव्हतं.

कॉलेजच्या पुस्तकात एक ओळ होती. भक्षक विषाणूंमध्ये काही राक्षसी आकाराचेही आढळतात, एवढीच. परीक्षेला कधी आली नाही म्हणून कुणी लक्षात ठेवली नाही. डोकं लिंबाऐवजी नारळाएवढं, खाली जाड, ताठ शेपूट आणि शेपटाला तंतू. तसला नग दोनशेवीसमधून कसा उतरेल? तो वरच अडकेल, जिवाणूंच्या गर्दीत. आणि गाळणीवरचं सगळं दोन तासांच्या आत भट्टीत जात होतं. गेली अकरा वर्षं ती स्वतः रोज आपल्या हाताने ते भट्टीत टाकत आली होती. झारेकऱ्याची लेक असून तिने एकदाही वरचं बघितलं नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली, "गुजरीच्या मागची ती मोठी गटार, दोन दवाखान्यांचं पाणी येतं ती. त्यातला गाळ कुठं दाट असतो?"

"मोरीच्या वळणाला. का?"

"दाखवा मला. आत्ता."

अण्णांनी काही विचारलं नाही. हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि तिच्या पुढे चालू लागले. वळणाजवळ त्यांनी पाय घट्ट रोवून वाकून गाळ काढून दिला आणि तो बरणीत भरताना लेकीला बजावलं, "हलवू नगंस लई. वरचं पाणी टाकू नगंस." सरकारी पेढीची वरिष्ठ तंत्रज्ञ बापाचा हुकूम मुकाट पाळत होती.

पेढीचे सध्याचे प्रमुख डॉ. सोहम मिरजे पस्तिशीचे होते. माणूस सज्जन, पण नियमाचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा. सारिकाचं सगळं ऐकून घेतल्यावर ते खुर्चीत मागे रेलले.

"सारिकाताई, राक्षसी विषाणू असतात हे मलाही माहीत आहे. पण गाळणीवरचं रोग्याला? मॅडमना कळलं तर त्या तापातून उठून मला बडतर्फ करतील."

"रोग्याला नंतर, सर. आधी आहे की नाही ते तर बघू. गाळणीवरचं दोन तासांत भट्टीत टाका एवढंच नियमात आहे. त्या दोन तासांत मी त्याकडे बघायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

मिरज्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं, वाचलं आणि मिटलं. "नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "दोन तासांत तुम्ही त्यातून जे वेगळं काढाल ते गाळणीवरचं उरत नाही, नमुना होतो. बाकीचं मात्र भट्टीत गेलंच पाहिजे." आणि नियमात फट सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर लपेना.

गाळणी गेली तर जिवाणू कसे काढायचे, हा पहिला प्रश्न. सारिकाने गाळण्याऐवजी निवळण्याचा मार्ग धरला. नळीत घालून यंत्रावर मंद फिरवलं की जड जिवाणू आधी तळाला बसतात आणि विषाणू, मग तो कितीही मोठा असो, वरच्या पाण्यात राहतो. ते पाणी हलक्या हाताने वेगळं करायचं. तरी त्यात थोडे जिवाणू राहतातच, त्यांना क्लोरोफॉर्मचे काही थेंब घालून मारायचं, मग क्लोरोफॉर्म उडवून टाकायचा. एवढं झाल्यावर ते पाणी मॅडमच्या जखमेतले जिवाणू वाढवलेल्या थाळीवर सोडायचं. थाळीत जिवाणूंचा दुधट थर असतो. विषाणूने ते मारले की तिथे स्वच्छ ठिपका पडतो.

गुरुवारी ठिपका पडला नाही. शुक्रवारी सकाळीही नाही. मॅडमची लघवी कमी झाल्याचा निरोप आला.

त्या दुपारी सारिका डबा उघडून नुसतीच बसली होती. थाळीतला थर घट्ट बसावा म्हणून त्यात अगार घालतात. अगार म्हणजे घरी दुधात घालून वड्या पाडतात ते चायनाग्रासच. तिच्या मनात आलं, घट्ट वडीतून लिंबू एक वेळ वाट काढेल, नारळ कसा सरकेल? तो पहिल्या जिवाणूला मारत असेल, पण पुढच्यापर्यंत पोचतच नसेल. ठिपका इतका बारका पडत असेल की दिसत नसेल. तिने डबा तसाच झाकला आणि अगार निम्म्याहून कमी घालून दहा थाळ्या नव्याने केल्या. थर इतका सैल झाला की थाळी तिरकी केली की हलायचा.

शनिवारी सकाळी दहापैकी सात थाळ्यांवर ठिपके होते. खसखशीएवढे, पण आरपार स्वच्छ.

मिरज्यांनी भिंग लावून बघितलं. ते लगेच कणमापकाकडे गेले आणि ते यंत्र आल्यापासून पहिल्यांदाच त्याची वरची हद्द काढून टाकली. पडद्यावर चारशेच्या घरात एक टेकडी उभी राहिली. डोकं एकशे ऐंशी, शेपटासकट चारशे वीस.

"हा मारतो आणि सहा हजार चारशे मारत नाहीत, असं का?" सारिकाने विचारलं.

मिरज्यांनी विषाणूचा जनुकीय आराखडा तपासायला लावला आणि संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. मॅडमच्या जखमेतला जिवाणू बनेल होता. आत येणाऱ्या प्रत्येक विषाणूचा जनुकीय धागा तो ओळखून कापून टाकायचा. पण हा मोठा पाहुणा आत शिरल्या शिरल्या स्वतःभोवती एक कवच बांधायचा, जिवाणूच्याच घरात स्वतःची खोली, आणि दार लावून आत निवांत पिल्लं वाढवायचा. जिवाणूची कात्री दाराबाहेरच राहायची. एवढी खोली बांधायचं सामान बरोबर आणायचं तर अंगही तेवढंच मोठं लागणार. लहानांना ते परवडत नाही.

रविवारी औषध तयार झालं. तीन वेगवेगळ्या प्रकारे तपासलं, त्यात एकही जिवंत जिवाणू उगवला नाही. आता फक्त रोग्याची संमती हवी होती.

"मॅडमना एवढंच सांगू या," मिरजे म्हणाले, "नव्या ठिकाणचा नमुना मिळाला, जुळणी झाली. ते काही खोटं नाही. बाकीचं त्या बऱ्या झाल्यावर बघू. गाळलेलं नाही म्हटलं तर त्या नको म्हणतील आणि जातील हो!"

सारिकालाही तेच वाटत होतं. शिवाय दुसरी भीती होती, ती तिने मिरज्यांना सांगितली नाही. मॅडमना सगळं कळलं तर त्यांना पुढचा हिशेबही लगेच कळणार होता. या अवस्थेत तो त्यांच्यापुढे ठेवायचा? खोलीत शिरताना तिने मनाशी ठरवलं, की नव्या जागेचा नमुना, एवढंच.

मॅडमचे ओठ सुकले होते, पण शुद्ध पक्की होती. मिरज्यांनी सांगितलं. मॅडमनी डोळे सारिकाकडे वळवले.

"दोनशेवीसमधून दोनदा काढलंस?"

सारिकाला हो म्हणायचं होतं. पण या बाईशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि तिला ते आत्ताही जमलं नाही.

"नाही मॅडम. हा दोनशेवीसच्या वर राहतो."

मिरज्यांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी उशीवरून मान उचलली.

"केवढा आहे?"

"डोकं एकशे ऐंशी. सगळा मिळून चारशे वीस."

"म्हणजे नारळ."

"नारळ, मॅडम. शेंडीसकट."

मॅडमच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि लगेच गेलं. सारिकाला ज्याची भीती होती ते झालं. "म्हणजे अकरा वर्षं," मॅडम म्हणाल्या, "आपण हे भट्टीत घालत होतो. मी घालायला लावत होते." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सारिका त्यांच्या पायाशी उभी राहिली. तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

थोड्या वेळाने मॅडमनी तोंड न वळवताच विचारलं, "जिवाणू कसे काढलेस?" सारिकाने सगळं सांगितलं. निवळणं, क्लोरोफॉर्म, सैल अगार. मॅडमनी मध्येच दोन ठिकाणी अडवून प्रश्न विचारले, अगदी पूर्वीच्याच खवट आवाजात, आणि सारिकाच्या जिवात जीव आला.

"कागद आण, सही करते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण आधी ही सगळी पद्धत लिहून राज्यातल्या प्रत्येक पेढीला पाठवा. मी वाचले तर पाठवू, असं नको. मी वाचले नाही तरी ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. ती पोचली असं मला कळल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही."

"मॅडम, अहो, एकेक तास—" मिरजे म्हणाले.

"मग बोलत का बसलायस? लिही."

मिरज्यांनी आयुष्यात एवढ्या वेगाने काही लिहिलं नसेल. अडीच तासांत पद्धत छत्तीस पेढ्यांना पोचली. पावणेपाच वाजता पहिली सुई टोचली गेली.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी ताप चढला, तो जिवाणू फुटतात तेव्हा चढतोच, पण सारिका त्या रात्री घरी गेली नाही. बुधवारी सकाळी ताप उतरला. गुरुवारी मॅडमनी भात आणि मेतकूट मागितलं, आणि मेतकूट चांगलं नाही म्हणून दवाखान्याच्या स्वयंपाकघराला नावं ठेवली. ते ऐकून सारिका सरळ अण्णांकडे गेली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मनसोक्त रडली. अण्णा गडबडून गेले. "अगं, मी काय केलंय?" म्हणत राहिले. त्यांना सांगून कळलं असतं, पण तिला धड सांगताच येईना. आपल्या घराण्याच्या ज्या कामापायी तिने त्या मुलाखतीत मान खाली घातली होती, त्यासाठी आज तिला देवाचे आभार मानावेसे वाटत होते. तिने फक्त एवढंच म्हटलं, "अण्णा, तुमच्यामुळं त्या वाचल्या."

सहा आठवड्यांनी मॅडम वॉकर टेकत पेढीत आल्या. सगळे उठून उभे राहिले, कुणीतरी पेढे आणले होते. नव्या विषाणूला काय नाव द्यायचं यावर मिरज्यांनी सभा बोलावली होती. मॅडमनी पेढा घेतला, सभा पुढे ढकलली आणि सारिकाला म्हणाल्या, "जुळणी नाही म्हणून आपण ज्यांना परत पाठवलं, त्यांची यादी काढ. पहिल्या दिवसापासूनची."

यादी चारशे बारा नावांची निघाली.

"मॅडम, आपण आधी वकिलांचा सल्ला घेऊ," मिरजे म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांना मोठ्या विषाणूने वाचवलं असतं असं थोडंच आहे? किती जण वाचले असते, हे आता कळायला मार्ग नाही."

"म्हणूनच सगळ्यांना सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "नियमावर नाव माझं आहे. ज्यांना भेटता येईल त्यांना भेटेन, पण हे पाय चालतील तेव्हा चालतील, तोवर फोन तरी करते. सारिका, तू नंबर लाव."

पहिला फोन इचलकरंजीच्या एका माणसाने घेतला. त्याचा भाऊ गेला होता. मॅडमनी आपलं नाव सांगितलं आणि आडवळण न घेता सांगितलं, की तुमच्या भावाला आम्ही नाही म्हटलं तेव्हा आम्ही अर्धंच बघितलं होतं, चूक माझी होती. तो माणूस तोंडाला येईल ते बोलला. मॅडमनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. त्याने फोन आपटल्यावर त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुढचा."

दुसरा नंबर बंद होता. तिसरा गारगोटीकडच्या एका म्हाताऱ्याने उचलला. त्याच्या बायकोचा पाय मांडीपासून कापावा लागला होता. ती वाचली होती, आणि आता परसात बसून पावटे सोलते आहे, असं त्याने न विचारता सांगितलं. मॅडमनी सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजी तवाच ते औषध गावलं असतं, तर तिचा पाय ऱ्हायला असता म्हणा की."

"राहिला असता, असं होऊ शकलं असतं. नक्की सांगता येत नाही. पण आम्ही बघायला हवं होतं."

"आणि आता? आता जे येतील त्येंचं?"

"आता बघतो आम्ही. सगळ्या पेढ्यांत बघतात. गेल्या महिन्यात राज्यात एकोणीस जण वाचले."

"एकोणीस," म्हातारा म्हणाला. मग तो फोन बाजूला धरून बायकोला ओरडून सांगू लागला, अगं, कोल्हापूरच्या डॉक्टरीण बाईंचा फोन हाय, तुझ्या पायाचं सांगायल्यात, एकोणीस माणसं वाचली म्हणं. पलीकडून बाई काहीतरी बोलली. म्हातारा परत फोनवर आला.

"ती म्हणतीया, सांगितलंसा हे लई चांगलं केलंसा. आमाला वाटायचं आमचंच कायतरी चुकलं, उशिरा आनली, शेताच्या कामापायी. आठ वर्सं ती मला हेच म्हणतीया आणि मी तिला. आता तेवढं तरी मिटलं."

मॅडमनी फोन सारिकाच्या हातात दिला. सारिकाने म्हाताऱ्याशी चार शब्द बोलून, एकदा येऊन जाते असं सांगून फोन ठेवला. मॅडम चष्मा काढून पदराने डोळे पुसत होत्या. एवढ्या वर्षांत सारिकाने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. या बाईच्या हाताखाली आपल्याला घडायला मिळालं, याबद्दल तिला इतकं भरून आलं की ते त्यांना सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"मॅडम—"

"नंतर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि यादी जवळ ओढली. "चारशे नऊ उरलेत. पुढचा नंबर लाव."

सारिकाने पुढचा नंबर लावला.